डेटाबेसमधल्या मराठीची प्रश्नचिन्हं: कनेक्शन तपासण्यापासून दुरुस्तीपर्यंत

इंदुरातल्या एका मराठी ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची मी नोकरी सांभाळून संध्याकाळी बघतो. सर्व्हर बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल काकूंचा फोन आला, "अरे, पुस्तकांच्या नावांच्या जागी काहीतरी फ्रेंचसारखं दिसतंय. आणि काल दाखल केलेली पुस्तकं मात्र नीट दिसतायत." मी गेलो तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. देवघेवीचा छापील अहवाल वेगळ्या प्रोग्रॅममधून निघतो, आणि त्यात नेमकं उलट होतं. जुन्या पुस्तकांची नावं बरोबर, कालच्या पुस्तकांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. टेबल एकच, ओळी त्याच, आणि दोन प्रोग्रॅम दोन गोष्टी सांगत होते.

ज्यांना हे काम येतं त्यांना या उलटसुलट दृश्यातच निदान दिसेल. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. मराठी मंडळं, शाळा, पतपेढ्या, ग्रंथालयं यांचा डेटा बहुतेक वेळा कुणा एका हौशी माणसाच्या हातात असतो. त्या माणसाला दोष टेबलात किंवा पडद्यावर शोधायची सवय असते. दोष बहुधा मध्ये असतो, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसलेल्या क्लायंट लायब्ररीत, ज्याला आपण ड्रायव्हर किंवा कनेक्टर म्हणतो.

लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थात रोमन लिपीत करायच्या. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएल या डेटाबेसची आहेत, कारण आपल्याकडच्या छोट्या संस्थांत तेच जास्त सापडतं. त्याच्यातूनच निघालेल्या मारियाडीबीलाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

आधी एक अक्षर जवळून बघू

युनिकोड म्हणजे लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी यादी. तिच्यात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ ही १२८ जागांची पट्टी आहे. 'क'ची जागा ०९१५. हा क्रमांक बाइटच्या रूपात लिहिण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, आणि यूटीएफ-८ ही त्यातली एक. यूटीएफ-८ मध्ये लिहिताना या पट्टीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'क'चे बाइट सोळा-अंकी पद्धतीत ई० ए४ ९५. पट्टीच्या पहिल्या अर्ध्या भागातली चिन्हं ई० ए४ ने सुरू होतात आणि उरलेली ई० ए५ ने. या दोन जोड्या पाठच करून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतील.

'कुलकर्णी' हे आडनाव वाचताना चार अक्षरं वाटतात: कु, ल, क, र्णी. डेटाबेसला ती आठ चिन्हं आहेत: क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, दीर्घ वेलांटी. बाइट २४. मायएसक्यूएलमध्ये 'कॅर_लेंग्थ' विचारलंत तर ८ मिळेल, 'लेंग्थ' विचारलंत तर २४. माणसाचे चार, डेटाबेसचे आठ, डिस्कवरचे चोवीस. या तीन आकड्यांत गल्लत झाली की नावं कापली जातात, त्याबद्दल पुढे.

आता हेच बाइट कुणी लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग, समजून वाचले तर? त्या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. ई० म्हणजे डोक्यावर उलटी मात्रा असलेला फ्रेंच ए, ए४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह, ९५ म्हणजे मोठा ठिपका. काकूंना दिसलेलं फ्रेंच ते हेच. तो फ्रेंच ए दर तिसऱ्या जागी येतो, त्यावरून लांबूनसुद्धा ओळखू येतं की हे मुळात देवनागरी आहे.

पायरी १: काही बदलण्याआधी बाइट बघा

पडद्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. पडद्यापर्यंत येताना मजकुराचं निदान दोनदा रूपांतर झालेलं असतं. डेटाबेसलाच विचारा:

सिलेक्ट नाव, हेक्स(नाव), कॅर_लेंग्थ(नाव), लेंग्थ(नाव) फ्रॉम पुस्तके व्हेअर आयडी = ४१२;

'हेक्स'चं उत्तर सर्व्हरवर तयार होतं आणि त्यात फक्त अंक आणि ए ते एफ असतात, त्यामुळे कनेक्शनचं एन्कोडिंग कितीही चुकलेलं असलं तरी ते बिघडत नाही. या सगळ्या प्रकरणात डोळे मिटून विश्वास ठेवावा असं हे एकच साधन आहे.

'क'ने सुरू होणाऱ्या नावासाठी उत्तर काय येतं ते बघा.

ई०ए४९५ आलं तर डिस्कवरचा मजकूर ठीक आहे. कॉलमचा कॅरेक्टर सेट (म्हणजे त्याच्यावर लावलेली एन्कोडिंगची पाटी) 'यूटीएफ८एमबी४', म्हणजे मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८, असेल तर गडबड फक्त वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या कनेक्शनमध्ये आहे आणि टेबलाला हात लावायची गरज नाही. पण कॉलम 'लॅटिन१' असून ई०ए४९५ आलं, तर यूटीएफ-८ चे बाइट चुकीच्या पाटीखाली ठेवलेले आहेत.

सी३ए०सी२ए४ई२८०ए२ आलं तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. ई०, ए४ आणि ९५ या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजून प्रत्येकाचं पुन्हा यूटीएफ-८ केलेलं आहे. हे दुरुस्त होतं.

३एफ३एफ३एफ आलं तर वाईट बातमी आहे. ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. मूळ अक्षर गेलं, ते फक्त बॅकअपमधून परत येईल.

हेक्स बरोबर पण अहवालात प्रश्नचिन्हं, असं असेल तर ती मोजा. 'कुलकर्णी'च्या जागी आठ प्रश्नचिन्हं आली तर सर्व्हरने एकेक चिन्ह नीट ओळखलं होतं, पण समोरच्या कनेक्शनने लॅटिन-१ मागितल्यामुळे त्याला देवनागरी पाठवता आली नाही. आणि रिकामे चौकोन दिसत असतील तर विषय फक्त फॉन्टचा आहे.

आपल्या भागात चौथा प्रकारही भेटतो. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये टायपिंग चालत आलं आहे. त्या मजकुरात मुळात देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार चढवतो. हेक्समध्ये ई०ए४ कुठेच न दिसता बहुतेक बाइट ८० च्या खालचे दिसले तर हा प्रकार समजा. ऱ्हस्व वेलांटी त्यात अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, म्हणून नुसती अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. त्यासाठी खास कन्व्हर्टर लागतो. एन्कोडिंगच्या सेटिंगशी झटापट करण्यात वेळ घालवू नका.

पायरी २: कनेक्शन काय बोलतंय ते विचारा

क्लायंट लायब्ररी सर्व्हरशी जोडली जाते तेव्हा ती सांगते की मी अमुक एन्कोडिंगमध्ये बोलेन. सर्व्हर ते खरं मानतो. तुमच्या हातातले बाइट खरोखर तसे आहेत का, हे तो पडताळत बसत नाही. मायएसक्यूएलमध्ये याची तीन खाती आहेत: 'कॅरेक्टर_सेट_क्लायंट' म्हणजे तुम्ही पाठवता ते, 'कॅरेक्टर_सेट_कनेक्शन' म्हणजे सर्व्हर ज्यात रूपांतर करून क्वेरी चालवतो ते, आणि 'कॅरेक्टर_सेट_रिझल्ट्स' म्हणजे तुम्हाला परत मिळतं ते. बघायला:

शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरेक्टर_सेट%';

ही क्वेरी तुमच्या प्रोग्रॅममधूनच, त्याच लायब्ररीतून चालवा. मायएसक्यूएल वर्कबेंच या साधनात किंवा कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत चालवलीत तर त्या साधनाच्या कनेक्शनचं उत्तर मिळेल, तुमच्या प्रोग्रॅमचं नाही. ही चूक मी कामावर चांगल्या अनुभवी मुलांना करताना पाहिली आहे, आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो.

तिन्ही जागी यूटीएफ८एमबी४ असायला हवं. 'सेट नेम्स यूटीएफ८एमबी४' या एका आज्ञेने तिन्ही बदलतात, आणि जुन्या लेखांत सगळीकडे हाच उपाय दिलेला असतो. पण ही आज्ञा सर्व्हरला कळते, तुमच्या लायब्ररीला कळत नाही. लायब्ररी स्वतःच्या समजुतीतलं जुनं एन्कोडिंग धरून बसते आणि त्याच समजुतीने अवतरणचिन्हं एस्केप करते (म्हणजे मजकुरातल्या अवतरणांनी क्वेरी मोडू नये अशी सोय करते) किंवा बाइटची अक्षरं करते. म्हणून एन्कोडिंग लायब्ररीच्या स्वतःच्या मार्गानेच सांगावं.

पीएचपीच्या मायएसक्यूएलआयमध्ये 'सेट_चारसेट' हे फंक्शन वापरा. एस्केप करणारं फंक्शन त्याच्यावरच अवलंबून असतं, त्यामुळे हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. पीडीओमध्ये जोडणीच्या ओळीतच 'चारसेट=यूटीएफ८एमबी४' लिहा. पीएचपी ५.३.६ च्या आधीच्या आवृत्त्या तो भाग निमूटपणे दुर्लक्षित करायच्या, आणि अजूनही कुठे कुठे तसे जुने सर्व्हर चालू आहेत. पायथनच्या लायब्ऱ्यांत कनेक्ट करताना 'चारसेट' हा पॅरामीटर द्या. जावाच्या कनेक्टर-जेमध्ये तर 'सेट नेम्स' चालवूच नये असं त्याच्या दस्तऐवजातच बजावलेलं आहे, कारण बदल झाल्याचं ड्रायव्हरला समजत नाही. तिथे जोडणीच्या पत्त्यात 'कॅरेक्टरएन्कोडिंग=यूटीएफ-८' द्यायचं.

दोन चुका एकमेकींना कशा झाकतात

आमच्या ग्रंथालयात काय झालं होतं ते आता सांगता येईल. जुन्या मायएसक्यूएलचं मूळ सेटिंग लॅटिन-१ होतं. टेबल बनवताना कुणी काही नमूद केलं नाही, म्हणून कॉलम लॅटिन-१ झाले. प्रोग्रॅमचं कनेक्शनही लॅटिन-१ झालं. ब्राउझर मात्र यूटीएफ-८ पाठवत होता. सर्व्हरला वाटलं लॅटिन-१ येतंय, लॅटिन-१ मध्ये ठेवायचंय, मग रूपांतर कशाला? बाइट जसेच्या तसे आत गेले आणि जसेच्या तसे बाहेर आले. कित्येक वर्षं सगळं छान चाललं.

सर्व्हर बदलताना ज्याने काम केलं त्याने मायएसक्यूएलडम्पने डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची एक मजकूर फाइल, घेतला. डम्प घेणारं साधन स्वतः यूटीएफ-८ मध्ये बोलतं, म्हणून त्याने लॅटिन-१ चं प्रामाणिकपणे यूटीएफ-८ केलं, आणि फाइलमध्ये मजकूर दोनदा एन्कोड झाला. ती फाइल पुन्हा लॅटिन-१ टेबलात भरली असती तर गोष्ट उलटी फिरून जागेवर आली असती. पण फाइलमध्ये 'लॅटिन१' शोधून तिथे 'यूटीएफ८एमबी४' घातलं गेलं. तेव्हापासून दुहेरी एन्कोडिंग कायमचं टेबलात बसलं. सूचीच्या नव्या प्रोग्रॅमचं कनेक्शन बरोबर असल्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या नोंदी त्याच टेबलात नीट गेल्या.

आणि अहवालाचा जुना प्रोग्रॅम? त्याचं कनेक्शन अजून लॅटिन-१ वर होतं. दुहेरी एन्कोड झालेल्या जुन्या नावांचं लॅटिन-१ केलं की मूळ यूटीएफ-८ बाइट परत मिळतात, म्हणून ती बरोबर छापली जायची. नव्या, खऱ्या देवनागरीचं लॅटिन-१ होऊच शकत नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. तुमच्याकडे दोन प्रोग्रॅम असं आरशासारखं उलट दाखवत असतील तर टेबल मिश्र झालेलं आहे हे पक्कं समजा.

पायरी ३: दुरुस्ती

पहिल्यांदा टेबलची नक्कल करा, आणि ती सर्व्हरच्या आतच: 'क्रिएट टेबल पुस्तके_जुने लाइक पुस्तके', मग 'इन्सर्ट इंटू पुस्तके_जुने सिलेक्ट * फ्रॉम पुस्तके'. यात मजकूर कनेक्शनमधून जात नाही, त्यामुळे बाइट बदलत नाहीत. डम्पवरच हे सगळं बिघडलेलं असताना पुन्हा डम्पवर विसंबू नका.

कॉलम लॅटिन-१ आणि आत सरळ यूटीएफ-८ बाइट असतील, तर 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' ही सोपी दिसणारी आज्ञा देऊ नका. ती खरोखर रूपांतर करते आणि मजकूर दुहेरी होतो. कॉलमला आधी बायनरी करायचं: 'मॉडिफाय नाव व्हारबायनरी(२००)'. त्याने पाटी निघते, बाइट तसेच राहतात. मग 'मॉडिफाय नाव व्हारकॅर(२००) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४'. टेक्स्ट कॉलम असेल तर मधली पायरी ब्लॉब. 'नॉट नल' आणि डिफॉल्ट पुन्हा लिहायला विसरू नका, मॉडिफाय ते आपोआप जपत नाही.

कॉलम यूटीएफ८एमबी४ आणि आत दुहेरी मजकूर असेल, म्हणजे आमच्यासारखं, तर सूत्र असं:

कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) अ‍ॅज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४)

आतून बाहेर वाचा: लॅटिन-१ करून एक थर काढा, पाटी काढून टाका, आणि मग उरलेल्या बाइटना यूटीएफ-८ म्हणा. हे सूत्र सगळ्या ओळींवर चालवलं तर नव्या, बरोबर असलेल्या नोंदींची प्रश्नचिन्हं होतील आणि ती मग खरोखरची ३एफ असतील. म्हणून अट घाला: ज्या ओळीच्या हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ आहे, आणि ई०ए४ किंवा ई०ए५ कुठेच नाही, तीच ओळ. आधी 'सिलेक्ट' करून जुनं आणि नवं शेजारी शेजारी बघा. नव्याच्या जागी 'नल' आलेल्या ओळी बाजूला काढा, त्या तुटलेल्या आहेत. शंभर-दोनशे नावं डोळ्यांखालून घाला, मगच 'अपडेट'. नाव, लेखक, प्रकाशक असे प्रत्येक कॉलमसाठी हे वेगळं करा, कारण एकाच ओळीत लेखक दुरुस्त आणि नाव बिघडलेलं असं असू शकतं.

इथे एक खड्डा आहे आणि तो देवनागरीलाच जास्त खोल आहे. पुष्कळ जण हा थर पायथनमध्ये काढायला जातात. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं तो प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएल त्यांना आपली सोय करून सांभाळून घेतं, पायथनचं 'सीपी१२५२' तिथे एरर देतं. आता आपली अक्षरं बघा. ऱ्हस्व उकार ई० ए५ ८१. हलन्त ई० ए५ ८डी. 'ए' ई० ए४ ८एफ. 'ऐ' ई० ए४ ९०. 'झ' ई० ए४ ९डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार नेमका त्या रिकाम्या जागेवर पाय ठेवतो. कंटाळून कुणी 'एरर्स=इग्नोर' लिहिलं की 'कुलकर्णी'तला उकार आणि हलन्त दोन्ही गळतात. पायथनचं 'लॅटिन१' घ्यावं, तर त्यात ९५ चा मोठा ठिपका होत नाही, म्हणून 'क'च अडतो. थर ज्याने चढवला त्यालाच उतरवू द्या. दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करा.

कापलेली नावं

लॅटिन-१ कॉलममध्ये व्हारकॅर(३०) म्हणजे ३० बाइट. 'कुलकर्णी' २४, मोकळी जागा १, राहिले ५. पुढच्या नावाचं पहिलं चिन्ह तीन बाइट घेतं आणि दुसऱ्याचे फक्त दोन आत येतात. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो आणि जागा न पुरल्यास एरर येते. त्याआधी मजकूर चुपचाप कापला जायचा आणि वॉर्निंग कुणी बघत नसे. बायनरीवरून यूटीएफ८एमबी४ करताना याच अर्ध्या अक्षरांवर आज्ञा अडते, आणि दुहेरी प्रकारात याच ओळींना 'नल' येतो. शेवटचे एक-दोन अनाथ बाइट काढले की ओळ दुरुस्त होते, पण कापलेलं नाव पूर्ण होत नाही.

ओरॅकलमध्ये हाच प्रश्न आजही ताजा आहे. 'व्हारकॅर२(२०)' मुळात बाइट मोजतं, म्हणजे देवनागरीची सहा चिन्हं. 'व्हारकॅर२(२० कॅर)' लिहिलं की चिन्हं मोजली जातात. पोस्टग्रेएसक्यूएल मजकुराची चिन्हंच मोजतं, पण टेबल-कॉलमच्या नावांची मर्यादा ६३ बाइट आहे. कॉलमला मराठी नाव द्यायचं तर २१ चिन्हांत बसवा.

चार बाइट: मोडी आणि इमोजी

मायएसक्यूएलमधलं 'यूटीएफ८' हे पूर्ण यूटीएफ-८ नाही. ते एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. साध्या देवनागरीला तेवढं पुरतं, रुपयाच्या चिन्हालाही पुरतं. म्हणून आपल्याला कमतरता जाणवत नाही, आणि एके दिवशी सभासद अभिप्रायात इमोजी टाकतो तेव्हा क्वेरी अडते. जुन्या सैल मोडमध्ये तर त्या इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गळायचा.

आपल्याकडे इमोजीहून मोठं कारण आहे. होळकर, शिंदे, गायकवाड या संस्थानांच्या मुलखातल्या जुन्या घरांमध्ये मोडी कागद आहेत. मोडी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची पट्टी ११६०० पासून आहे. मोडी 'अ'चे बाइट एफ० ९१ ९८ ८०, म्हणजे चार. ज्या सूचीत उद्या मोडीतलं शीर्षक लिहायचं आहे तिचा कॉलम आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ हवेत. हे मायएसक्यूएल ५.५.३ पासून मिळतं आणि ८.० मध्ये मूळ सेटिंगच ते आहे. जुन्या सर्व्हरवर बदलताना इंडेक्स अडू शकतो, कारण तिथे इंडेक्सच्या एका कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा आहे आणि चाराने भागलं की १९१ चिन्हं येतात. डायनॅमिक ओळरचनेत ती मर्यादा ३०७२ बाइट होते.

इतर डेटाबेस, थोडक्यात

एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या 'व्हारकॅर'ला कोलेशनचं (अक्षरांची तुलना आणि क्रमवारी यांच्या नियमांचं) कोडपेज लागतं, आणि देवनागरीसाठी विंडोजचं तसं कोडपेजच नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशन मिळतं, पण जुन्या सर्व्हरवर ते नाही. म्हणून 'एनव्हारकॅर' वापरा आणि क्वेरीत लिहिलेल्या मजकुराच्या अवतरणाआधी 'एन' लावा. तो 'एन' राहिला तर कॉलम बरोबर असूनही प्रश्नचिन्हं साठवली जातात, कायमची. पॅरामीटर वापरून क्वेरी केली की हा धोका बराचसा टळतो. लिनक्सवरून फ्रीटीडीएसने जोडत असाल तर सेटिंगमध्ये 'क्लायंट चारसेट' यूटीएफ-८ आणि टीडीएस आवृत्ती ७.० किंवा पुढची ठेवा, त्याआधीच्या प्रोटोकॉलला युनिकोड येत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल या बाबतीत कडक आहे. चुकीचे बाइट दिले तर 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' म्हणून घेतच नाही, आणि मला ते फार आवडतं. फक्त डेटाबेस 'एसक्यूएल_आस्की' एन्कोडिंगने बनवलेला नसावा, त्यात कुठलीच तपासणी होत नाही. एसक्यूलाइटमध्ये 'लाइक' फक्त इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठं रूप एक मानतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून आपल्याला ती मर्यादा भोवत नाही.

सीएसव्ही हा वेगळाच डोकेदुखीचा विषय. एक्सेलला यूटीएफ-८ ओळखू यावं म्हणून फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट हवेत. तीच फाइल परत डेटाबेसात भरताना ते तीन बाइट पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात आणि कॉलम सापडत नाही. पायथनमध्ये 'यूटीएफ-८-सिग' म्हणून फाइल उघडा.

सगळं बरोबर, तरी शोध लागत नाही

एन्कोडिंग नीट झाल्यावर काकूंनी 'दऱ्या' शोधलं आणि समोर दिसणारं पुस्तक सापडलं नाही. कारण 'ऱ्या' दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात 'ऱ' (०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक २००डी. पडद्यावर तेच, बाइट वेगळे. 'ॲ'चंही तसंच आहे: ०९७२ हे स्वतंत्र चिन्ह २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीचा मजकूर 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांचा आहे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची समान मानलेली रूपं एक करण्याची ठरलेली रीत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल. साठवण्याआधी एका छोट्या फंक्शनमधून मजकूर काढा, दोन्हीचं एकच रूप ठरवा, आणि शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून न्या.

इंदुरात आणखी एक सवय सांभाळावी लागते. हिंदीच्या हाताने 'काळे'चं 'काले' आणि 'इंदूर'चं 'इंदौर' होतं, आणि एकाच माणसाची दोन खाती निघतात. यावर एन्कोडिंगचा उपाय नाही. आम्ही शोधापुरता एक वेगळा कॉलम ठेवला, त्यात 'ळ'चा 'ल' करून टाकतो. मूळ नावाला मात्र कधी हात लावायचा नाही. 'ळ' हे त्या घरचं अक्षर आहे.

क्रमवारीतही 'ळ' अडवतो. युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत 'ह'च्या नंतर. नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावलं तर 'काळे' हे 'काशीकर'च्या आधी येतं. मायएसक्यूएल ८ मध्ये मराठीचं स्वतंत्र कोलेशन नाही, म्हणून छापील सूचीसाठी क्रमवारीचा एक कॉलम प्रोग्रॅममधून भरावा लागतो.

लायब्ररीच्या इतर मर्यादा

बहुतेक क्लायंट लायब्ऱ्या क्वेरीचं संपूर्ण उत्तर आधी स्वतःच्या मेमरीत घेतात. सूची छोटी असेल तर कळत नाही, मोठी झाली की जुनं मशीन गुदमरतं. मायएसक्यूएलमध्ये 'स्टोअर रिझल्ट'ऐवजी 'यूज रिझल्ट' पद्धत, पायथनमध्ये 'एसएसकर्सर', पोस्टग्रेच्या लिबपीक्यूमध्ये ९.२ पासून 'सिंगल रो मोड'. मात्र अशा वेळी सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी करू नका, 'कमांड्स आउट ऑफ सिंक' येईल.

'इन'मध्ये हजारो क्रमांक देण्याचा मोह आवरा. एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीत २१०० पॅरामीटर घेतो. एसक्यूलाइटची मूळ मर्यादा ३.३२ च्या आधी ९९९ होती, मग ३२७६६ झाली. तात्पुरतं टेबल भरून जॉइन करणं केव्हाही बरं.

मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. ग्रंथालय रात्री बंद होतं, संगणक चालूच राहतो, सकाळी पहिल्या सभासदाचं पुस्तक नोंदवताना 'सर्व्हर हॅज गॉन अवे'. पूलमध्ये, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, कनेक्शन वापरण्याआधी तपासण्याची सोय असते, ती चालू करा. आणि एकच कनेक्शन दोन थ्रेडना, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या दोन कामांना, एकाच वेळी वाटून देऊ नका. उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि ते बिघाड पुन्हा घडवून दाखवणं फार कठीण जातं.

पायरी ४: दर बदलानंतर चालवायची चाचणी

सर्व्हर, ड्रायव्हर किंवा भाषेची आवृत्ती बदलली की हे एक वाक्य प्रोग्रॅममधून साठवा, परत वाचा आणि हेक्स जुळवा: 'एकूण झुळूक ऐन दऱ्यात, ₹५०'. यात त्या पाच रिकाम्या बाइटपैकी प्रत्येक येतो: 'ए', 'झ', 'ऐ', ऱ्हस्व उकार, हलन्त. शेवटी एक इमोजी जोडा म्हणजे चार बाइटही तपासले जातात. वाचताना नुसतं डोळ्यांनी बघू नका. दोन चुका एकमेकींना झाकत असतील तर डोळ्यांना सगळं बरोबरच दिसेल, पण कॉलम यूटीएफ८एमबी४ असेल तर हेक्समध्ये सी३ दिसेल.

आमच्या सूचीतली बहुतेक नावं सूत्राने एका संध्याकाळी परत आली. जी जुन्या काळीच कापली गेली होती त्यांच्यासाठी काकूंनी कपाटातून दाखल नोंदवह्या काढल्या. दाखल क्रमांक मी वाचायचा, पूर्ण नाव त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. तिसऱ्या वहीपर्यंत आलो आहोत.